पर्ज घरात शिरत नाही

मे महिना. उमरविहीरची शाळा बंद,
लॅब मात्र उघडी, कारण वरून पत्र आलंय :
परीक्षेचं नवं सॉफ्टवेअर जूनच्या आत बसवा.
डिस्क म्हणते, अठ्ठ्याण्णव टक्के भरलेय,
बसवता कुठं?

कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी काळी खिडकी उघडली.
पासवर्ड लोखंडी कपाटाच्या दाराला आतून लिहिलेला,
कोवे सरांच्या अक्षरात, खडूनं :
चारोळी.

इथं माउस चालत नाही.
नाव घेऊन बोलवावं लागतं,
आणि नाव घेऊनच घालवावं लागतं.

यादी मागितली, तर दावं सुटलेल्या बकऱ्यांसारखी
पडद्याबाहेर पळाली.
एक हजार नऊशे कितीतरी.
बुद्धिबळ.
तेलुगू कळफलक,
पैनगंगेपलीकडून आलेल्या एका पोरीसाठी;
ती सहावीतच परत गेली.
एका प्रिंटरचा ड्रायव्हर,
ज्या प्रिंटरात आता पालीची अंडी आहेत.

आचल ठमके, आठवीतली,
घरी पंखा बंद म्हणून इथं येऊन बसते.
‘मॅडम, हे काय करून रायल्या?’
‘जागा.’

प्रिंटर गेला. बारा एमबी.
तेलुगू गेली. चार.
‘एवढ्यानं काय होते,’ आचल म्हणाली,
बाजारात वांग्याचा भाव पाडावा तशी.

मग आकारानं यादी लावली.
सगळ्यात वर तारांगण.

कोवे सर प्रोजेक्टर लावून
गावावरचं आभाळ भिंतीवर पाडायचे.
मृगाचा एक पाय बरोबर
नकाशाच्या खिळ्यावर यायचा.
पोरं खिळ्यालाच तारा समजायची.
सरांची बदली सिरोंच्याला झाली, त्याला दोन वर्षं झाली.
खिळा आहे.

‘तारे काहून काढता?’
‘बाहेर आहेत की.’
‘मेमध्ये मृग नाही दिसत, मॅडम. सरच सांगत.
याच्यात महिना मागं नेता ये.’

मशीन काही काढण्याआधी सगळं वाचून दाखवतं.
हे जाईल. ह्याच्यासोबत हेही जाईल.
आणि खाली :
पुढील पॅकेजेस आपोआप बसवली गेली होती,
आता ती कोणालाच लागत नाहीत.

ही ओळ मी दोनदा वाचली.
माझी ऑर्डर अकरा महिन्यांची आहे.
पण मी आपोआप नव्हते बसले,
दोन मुलाखती दिल्या होत्या, एक पांढरकवड्याला उभ्यानं.

पुढे जायचं? होय की नाही?
ह्यात होयचं अक्षर मोठं असतं.
काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं
तरी होकार धरतात.

मी दाबलं.

रिमूव्ह माणूस नेतं, खाट ठेवतं.
पर्ज खाटही उचलतं.
मी पर्ज केलं होतं; जागा हवी होती.
टक्के खाली आले. नव्वद. अठ्ठ्याऐंशी.
आचल भिंतीकडे बघत होती,
तिथं काही चालू नव्हतं.

पण पर्जलाही एक मर्यादा आहे, हे मला माहीत होतं,
फक्त विसरले होते :
ते यंत्रणेच्या खोल्या झाडतं,
वापरणाऱ्याच्या घरात शिरत नाही.
सरांच्या होममध्ये गेले.
नावाआधी टिंब असलं की फाईल लपते,
टिंबासकट हाक मारली तर ओ देते.

ओ दिली.
उत्तर, एकोणीस अंश अठ्ठावन्न.
पूर्व, अठ्ठ्याहत्तर अंश एकतीस.
ठिकाण : उमरविहीर, शाळेचा ओटा.
वेळ : पंधरा जानेवारी, संध्याकाळचे आठ.

शाळेचा ओटा.
दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला
आमचा ओटा माहीत असेल?

‘हे पण काढता?’
‘चार केबी आहे,’ मी म्हटलं.
‘म्हणजे?’
‘म्हणजे राहू दे.’

नवं सॉफ्टवेअर उतरवायला लावलं.
आचलनं फळ्याखालून खडू घेतला,
कपाटाचं दार उघडलं,
आणि चारोळीच्या खाली दोन्ही आकडे उतरवून घेतले,
अंशाचं टिंब जरा मोठंच काढून.

एकोणचाळीस टक्क्यांवर लाइन गेली.